छपरावर सोलर आहे, तरी लाईट गेली की पंखा का बंद पडतो?

२०२५च्या जूनमधली गोष्ट. रात्री दणक्याचा पाऊस पडून गेलेला, दुपारी बाराच्या सुमाराला लख्ख ऊन पडलं आणि गोव्यातल्या आमच्या वाड्यावर लाईट गेली. कुठेतरी माडाचं चुडत तारेवर पडलं असणार, दरवर्षीचंच आहे ते. शेजारचे भाई बनियनवरच बाहेर आले, वर स्वतःच्या छपराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. छपरावर ३ किलोवॉटची पॅनलं, नुकतीच लावलेली, ऊन असं की पत्र्यावर पापड भाजून निघावेत, आणि घरातला पंखा बंद. "काय रे, मी हे पैसे घातले ते कुठे?"

पुढच्याच महिन्यात बातमी आली की भारतातली निम्मी वीज क्षमता आता कोळसा-गॅस सोडून बाकीच्या मार्गांची झाली. भाई पेपर घेऊन परत हजर. निम्मी झाली म्हणतात, मग ती छत्तीसगढहून तार कशाला ओढतायत आपल्या जंगलातून? मी वीजवाला नाही, पण हे प्रश्न मलाही बरीच वर्षं छळत होते, म्हणून वाचून वाचून जे डोक्यात बसलं ते लिहितोय. गंमत म्हणजे पंख्याचा प्रश्न आणि तारेचा प्रश्न, दोन्हीचं मूळ एकच आहे.

आधी पंखा

भाईंची सिस्टीम ऑनग्रिड आहे, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेली. पॅनल आणि घर यांच्यामध्ये जो डबा भिंतीवर असतो तो इन्व्हर्टर. तो सतत बाहेरच्या लाइनची नाडी बघत असतो, आणि नाडी लागली नाही की एक-दोन सेकंदांत स्वतःला बंद करून टाकतो. मुद्दाम तसंच बनवलेलं असतं. कारण तो चालू राहिला तर छपरावरची वीज उलटी रस्त्यावरच्या तारेत शिरेल, आणि तिथे चुडत काढायला लाइनमन खांबावर चढलेला असतो, लाइन मेलेली आहे या भरवशावर.

शिवाय एकटं पॅनल घर चालवू शकत नाही हेही खरंच. ढगाचा तुकडा सूर्यासमोरून गेला की पॅनलची वीज झटक्यात उतरते, पंप सुरू केला की गरज झटक्यात वाढते, हा वरखालीपणा आपल्याला कधी कळत नाही कारण बाहेरची लाइन तो गुपचूप भरून काढत असते. ती नसेल तर बॅटरी हवी. भाईंनी बॅटरी घेतली नव्हती, कारण विकणाऱ्याने लाईट गेल्यावर काय होतं हे सांगितलं नव्हतं आणि भाईंनी विचारलं नव्हतं.

तोटी आणि बादली

बातम्यांत नेहमी घोटाळा होतो तो इथे. किलोवॉट म्हणजे नळाची तोटी केवढी आहे ते. युनिट म्हणजे बादलीत पाणी किती पडलं ते. १ किलोवॉटचा हिटर एक तास चालला की १ युनिट. १००० किलोवॉटचा १ मेगावॉट. बास, एवढंच.

आता १ किलोवॉटचं सोलर पॅनल दिवसाला साधारण ४ युनिटं देतं, आपल्याकडे जून-जुलैत त्याहून बरीच कमी. तेवढ्याच क्षमतेचं कोळशाचं केंद्र रात्रंदिवस चालवलं तर २४ पर्यंत जाऊ शकतं. तोटी दोन्हीकडे तेवढीच, पण एक नळ सूर्य मावळला की बंद. म्हणून ‘निम्मी क्षमता’ ही तोट्यांची मोजणी आहे, बादलीची नाही. २०२५च्या मध्याला देशात सगळ्या तोट्या मिळून ४ लाख ८५ हजार मेगावॉटच्या आसपास होत्या, त्यातल्या निम्म्या सूर्य, वारा, पाणी, अणू वगैरे. पण प्रत्यक्ष बादलीत पडणाऱ्या दर दहा युनिटांतली सातेक अजून कोळशाचीच. बातमी खोटी नव्हती, अर्धवट समजली गेली.

गोव्यात वीज बनते कुठे?

जवळपास कुठेच नाही. साळगावच्या कचरा प्रकल्पात कचऱ्याच्या गॅसवर थोडी होते, लोकांच्या आणि सरकारी छपरांवर सोलर आहे, आणि एके काळी साकवाळला नाफ्थावर (पेट्रोलसारख्या तेलावर) चालणारं ४८ मेगावॉटचं खासगी केंद्र होतं, तेही आता बंद. बाकी सगळी बाहेरून. केंद्र सरकारच्या वीज केंद्रांमध्ये प्रत्येक राज्याचा वाटा ठरलेला असतो, तसा आपला छत्तीसगढमधल्या कोरब्यात आहे, मध्य प्रदेशातल्या विंध्याचलमध्ये आहे, तारापूर-काकरापारच्या अणुवीजेतही आहे. म्हणजे आज संध्याकाळी तुम्ही मिक्सर लावाल तेव्हा त्यातली बरीचशी वीज हजारभर किलोमीटर लांब जळणाऱ्या कोळशातून येणार. ती राख, तो धूर, ते विस्थापित लोक, सगळं तिकडे. आपल्याकडे फक्त बिल येतं.

इथे एक हमखास गैरसमज. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो, म्हणून लोकांना वाटतं तो आपल्या विजेसाठी. नाही. तो मुख्यतः कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांचा. त्याची धूळ आपल्या वाट्याला येते आणि त्याविरुद्ध लोक भांडतात ते बरोबरच आहे, पण वीज आणि तो कोळसा ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

मुंबईच्या गिरण्यांपासून सुरुवात

थोडा इतिहास सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. भारतातलं पहिलं जलविद्युत केंद्र १८९७ मध्ये दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला सुरू झालं. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली. १९१५ मध्ये टाटांचं खोपोली. लोणावळ्याला पाणी अडवायचं, घाटाखाली खोपोलीला सोडायचं, आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना. बघा, पहिल्यापासून हेच, वीज बनते एकीकडे आणि जळते दुसरीकडे, आणि मधल्या तारा आणि बुडालेली जमीन तिसऱ्याच कुणाची. म्हणूनच टाटांनी मुळशीला धरण बांधायला घेतलं तेव्हा १९२१ मध्ये मावळातले शेतकरी सत्याग्रहाला बसले, सेनापती बापट पुढे होते. धरण झालंच. त्या पाण्यावरचं भिऱ्याचं केंद्र १९२७ पासून वीज देतंय. ‘स्वच्छ ऊर्जा’ हा शब्दही नव्हता तेव्हा, पण भांडण तेच.

१९४७ मध्ये अख्ख्या देशाची क्षमता होती १,३६२ मेगावॉट. आज एकट्या गोव्याची ऐन गर्दीच्या वेळची मागणी सातशेच्या आसपास जाते, म्हणजे स्वातंत्र्याच्या वेळच्या सगळ्या देशाच्या निम्मी आपण एकटे ओढतो. एसी, दुसरं काय.

१९४८चा वीज कायदा आला, राज्याराज्यांत वीज मंडळं झाली, भाक्रा झालं, १९६२ मध्ये कोयना सुरू झालं. गोवा तर १९६१च्या डिसेंबरात मुक्त झाला, आणि आमच्या आजीच्या सांगण्यानुसार गावात लाईट यायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली, जत्रेला पेट्रोमॅक्सच्या बत्त्या डोक्यावर घेऊन माणसं चालायची. १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र. पण पाऊस दरवर्षी सारखा नसतो, धरणं भरत नाहीत, आणि कोळसा मात्र आपल्याच जमिनीत भरपूर. ७०च्या दशकाच्या सुरुवातीला कोळसा खाणी सरकारने ताब्यात घेतल्या, १९७५ मध्ये एनटीपीसी ही सरकारी वीज कंपनी काढली, आणि ठरलं की कोळसा वाहून नेण्यापेक्षा खाणीच्या तोंडाशीच केंद्र बांधा आणि वीज तारेने पाठवा. कोरबा, विंध्याचल, ही सगळी त्या विचाराची लेकरं. पुढे कुणाला वाटलं नाफ्था-गॅसवर झटपट काम होईल, त्याचं काय झालं ते गुहागरच्या दाभोळ प्रकल्पाला विचारा, १९९९ मध्ये सुरू आणि २००१ मध्ये ठप्प.

अख्ख्या देशाचा एकच रथ

केंद्रं तारांनी एकमेकांना जोडली की त्याला ग्रिड म्हणतात. ग्रिड समजायचं तर जत्रेतला रथ डोळ्यांसमोर आणा. शेकडो माणसं दोर धरून ओढतायत, आणि सगळ्यांची चाल एकच हवी. ओढणारे म्हणजे वीज केंद्रं, रथाचं वजन म्हणजे आपले पंखे, फ्रीज, कारखाने. ती चाल आपल्याकडे सेकंदाला ५० हेलकाव्यांची. वजन वाढलं आणि ओढणारे तेवढेच राहिले की रथ मंदावतो, ४९.९ च्या खाली जाऊ लागला की कंट्रोल रूममध्ये धावपळ. वजन अचानक कमी झालं तर रथ अंगावर येतो. म्हणून मिनिटामिनिटाला, खरं तर सेकंदासेकंदाला, जेवढी वीज वापरली जातेय तेवढीच बनली पाहिजे. हा नियम सरकारचा नाही, निसर्गाचा आहे, त्याला सवलत नाही. भाईंच्या पंख्याचं आणि तारेचं, दोन्हीचं मूळ हेच.

३० आणि ३१ जुलै २०१२ला हा रथ खरंच आडवा झाला. मध्य प्रदेशातली बीना-ग्वाल्हेर तार भार न पेलून सुटली, तिचा बोजा शेजारच्या तारांवर, मग त्या सुटल्या, आणि दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातले साठ कोटींवर लोक अंधारात. आपला पश्चिम भाग वेळेत तुटून बाजूला झाला म्हणून वाचला. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर तारेने दक्षिणही जोडली गेली आणि देशभर एकच रथ झाला.

दुसरा प्रसंग तर सगळ्यांना आठवत असेल. ५ एप्रिल २०२०, रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद. आपण बाल्कनीत पणत्या लावत होतो तेव्हा मागणी ३१ हजार मेगावॉटच्या आसपास कोसळली आणि लगेच परत चढली. रथ सांभाळला तो मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी, कारण पाण्याची झडप बंद करायला आणि उघडायला क्षण पुरतात. कोळशाला ते जमत नाही. बॉयलर तापायलाच तासन्‌तास लागतात, आणि एकदा तापलेलं केंद्र साधारण ५५ टक्क्यांच्या खाली उतरवणं त्रासाचं.

सूर्य स्वस्त झाला, मग अडलंय कुठे?

२०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं तेव्हा लिलावात सोलरचा भाव युनिटला १०-१२ रुपये होता. २०१७ मध्ये राजस्थानच्या भाडल्याला तो २ रुपये ४४ पैशांवर आला. नवीन कोळशाच्या केंद्रापेक्षा स्वस्त. मग काय, धडाका लागला. २०२५च्या जानेवारीअखेर सोलरने १ लाख मेगावॉट ओलांडले, आणि २०३० पर्यंत कोळसा-गॅस सोडून ५ लाख मेगावॉट हे ग्लासगोच्या हवामान परिषदेत जाहीर केलेलं लक्ष्य आहे.

आता मासळी बाजारात चला. समजा सगळे ट्रॉलर दुपारी १२ ते २ याच वेळात धक्क्याला लागले. बांगडे एवढे की ठेवायला जागा नाही, भाव मातीमोल. आणि गिऱ्हाईक येतं संध्याकाळी सातला, तेव्हा टोपली रिकामी. सोलरचं नेमकं हेच आहे. संध्याकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर लोक सूर्यास्ताचे फोटो काढत असतात, त्याच सुमाराला देशभरातलं सोलर शून्यावर येतं, आणि त्याच वेळी घरोघर दिवे, टीव्ही, एसी, हॉटेलांची किचनं सुरू होतात. हा खड्डा दोन-तीन तासांत कुणीतरी भरायचा असतो, आणि तो अजून कोळसा आणि पाणी भरतं. म्हणून दुपारी गरज नसतानाही कोळशाची केंद्रं अर्ध्या दमाने पेटती ठेवावी लागतात, संध्याकाळी हाताशी असावीत म्हणून. उलट राजस्थानात भर दुपारी काही सोलर प्रकल्पांना थांबा म्हणून सांगतात, कारण तेवढी वीज बाहेर काढायला तारा कमी पडतात.

शंभर वर्षं आपली सगळी अक्कल एका प्रश्नावर खर्च झाली: वीज इथून तिथे कशी न्यायची. तो बराचसा सुटला. आताचा प्रश्न वेगळा आहे, दुपारची वीज रात्रीपर्यंत कशी न्यायची. पहिल्याला तार लागते, दुसऱ्याला मासळीवाल्याचा बर्फ, म्हणजे साठवण.

"मग बॅटऱ्या लावा की!"

लावतायत. नवीन सोलर टेंडरं बॅटरीसकट निघायला लागली आहेत आणि बॅटऱ्यांचे भावही बरेच उतरलेत. पण दोन-चार तासांची साठवण वेगळी आणि आपल्या जुलैसारखे सलग दहा दिवस सूर्य न दिसणं वेगळं. दहा दिवसांची मासळी बर्फात ठेवायची म्हटलं तर बर्फच मासळीपेक्षा महाग पडेल.

आणखी एक जुना उपाय आहे, तो मला जास्त आवडतो. घाटघरला सह्याद्रीत दोन तलाव आहेत, एक वर एक खाली. वीज जास्त झाली की खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, कमी पडली की तेच खाली सोडून २५० मेगावॉट बनवायची. चढवायला जेवढी वीज लागते तेवढी परत मिळत नाही, थोडी वाया जाते, पण वेळ बदलून मिळते. मग हेच सगळीकडे करा? तर शेजारच्या कर्नाटकात शरावतीच्या खोऱ्यात २ हजार मेगावॉटचा असाच प्रकल्प घाटलाय आणि तिथले लोक जंगल जाणार म्हणून विरोधात उभे आहेत. मुळशी काही संपत नाही.

"तार नको, आपली वीज आपण बनवू"

हे वाक्य मी दहा ठिकाणी ऐकलंय आणि मनातून मलाही तेच हवंय. पण हिशोब करू. जमिनीवर १ मेगावॉट सोलरला चारेक एकर लागतात. गोव्याच्या मागणीएवढे ७०० मेगावॉट म्हणजे २,८०० एकर, आणि ते ७०० फक्त भर दुपारी, चोवीस तासांची सरासरी काढली तर सहावा हिस्सा. म्हणजे रात्रीचं भागवायला पाच-सहा पट पॅनलं अधिक साठवण. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्यात, जिथे निम्म्याहून जास्त भाग झाडांखाली आहे आणि उरलेल्यात घरं, शेतं, खाजन (खाडीकाठच्या बांध घातलेल्या) जमिनी, तिथे एवढी जमीन कुणाची घ्यायची? सडे (कातळाची पठारं) रिकामे दिसतात म्हणून कुणी बोट दाखवतं, पण पावसाळ्यात सड्यावर एकदा जाऊन बघा, मग रिकामे म्हणा. त्यापेक्षा बंद खाणींचे ढिगारे आणि खड्डे, सरकारी इमारती, शाळा, बसस्टँड, कारखान्यांची छपरं आधी घ्या असं माझं मत आहे. २०५० पर्यंत सगळी वीज नूतनीकरणक्षम (सूर्य, वारा, पाणी अशी) करायचं सरकारने ठरवलंय, पण त्यातलीही मोठी वाटणी बाहेरूनच आणावी लागणार. म्हणजे तार आलीच.

मग मोलेचं आंदोलन चुकीचं होतं का? अजिबात नाही. २०२०च्या आसपास रेल्वेचा दुसरा ट्रॅक, हायवेचं रुंदीकरण आणि ही तमनार प्रकल्पाची वीजवाहिनी (भाई म्हणत होते ती छत्तीसगढची तार), तिन्ही मोले इथल्या भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरातून काढायचं ठरलं होतं. लोकांनी विचारलं की गोव्यात आधीच एक मोठ्या दाबाची (२२० केव्ही) वाहिनी जंगलातून येते, तिच्याच वाटेने ही का नाही? सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने तेच सुचवलं आणि २०२२ मध्ये न्यायालयाने तेच मान्य केलं. लोक ओरडले नसते तर नवा पट्टा तोडला गेला असता. तार हवी असणं आणि ती कुठूनही चालेल असं म्हणणं, यात फरक आहे.

मग घरावर लावू की नको?

लावा. फेब्रुवारी २०२४ला आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३० हजार आणि ३ किलोवॉट किंवा जास्त असेल तर एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. दिवसा जास्तीची वीज लाइनमध्ये जाते, रात्री तुम्ही लाइनकडून घेता, आणि मीटर दोन्हीची वजाबाकी करतो, ते नेट मीटरिंग. म्हणजे ग्रिड तुमचा बर्फाचा डबा झाला, तोही जवळपास फुकट. हे कायम फुकट राहील असं धरून चालू नका. सगळ्यांनीच दुपारी बांगडे आणून टाकले आणि रात्री परत मागितले तर डबेवाला कधीतरी पैसे मागणारच. २०२३च्या केंद्राच्या नियमांत त्याची सुरुवात झालीच आहे, स्मार्ट मीटर बसला की उन्हाच्या तासांत वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग. लावताना माड आणि आंब्याची सावली बघा, आणि लाईट गेल्यावरही पंखा हवा असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर मागा, महाग पडतो, पण निदान विचारून तरी घ्या.

हे सगळं मी भाईंना त्यांच्या सोप्यावर बसून सांगितलं, मध्ये दोनदा चहा झाला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे वीज दुपारीच वापरायची. आता त्यांचा टाकीचा पंप सकाळी सहाऐवजी अकराला सुरू होतो, वॉशिंग मशीनही त्याच वेळेला. बेडरूममधला एसी दुपारी जेवण झाल्यावर लागतो, आणि भाई सांगतात की आपण झोपत नाही, ग्रिड सांभाळतो.